नारायण वामन टिळक : शिष्यत्व आणि त्याचे मोल

१. प्रास्ताविक

आधुनिक मराठी कवितेचा अभ्यास करताना रेव्हरंड टिळक हे नाव आपल्यासमोर साधारणपणे फुलामुलांचे कवी म्हणून येते. शालेय पाठ्यपुस्तकांतून भेटलेले 'केवढे हे क्रौर्य', 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य आणि बालकवींना दिलेला आश्रय एवढ्यावर त्यांची ओळख बहुधा थांबते. मात्र टिळकांच्या काव्याचा मोठा भाग भक्तिपर आहे आणि तो समजून घ्यायचा तर ज्या निष्ठेतून तो निर्माण झाला तिचा विचार टाळता येत नाही. ही निष्ठा येशू ख्रिस्ताच्या शिष्यत्वाची होती.

मराठी नव्या करारात येशूच्या अनुयायांसाठी शिष्य हा शब्द योजलेला आहे. मराठी भाषकाच्या मनात या शब्दाला स्वतंत्र इतिहास आहे. गुरुगृही राहणे, सेवा करणे, आपला अहंकार गुरूच्या पायाशी ठेवणे आणि त्यातून नव्याने घडणे हे सारे अर्थ या शब्दाबरोबर येतात. टिळकांनी तो शब्द या संपूर्ण अर्थाने स्वीकारला. त्यासाठी त्यांना जे मोल द्यावे लागले ते एकाच वेळी देऊन संपले नाही, आणि ते त्यांनी एकट्यानेही दिले नाही. प्रस्तुत घटकात त्यांच्या चरित्राचा परिचय या दृष्टीने करून घ्यायचा आहे.

२. जडणघडण

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कठोर स्वभावाचे होते. आई जानकीबाई धर्मशील आणि मृदू वृत्तीच्या होत्या. मुलाच्या मनात भक्तीची आणि कवितेची गोडी निर्माण झाली ती आईमुळे. नारायण सुमारे अकरा वर्षांचा असताना आईचे निधन झाले आणि घराशी असलेला त्याचा मुख्य धागा तुटला. लहान वयातच त्याने घर सोडले व नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याचे संस्कृतचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण रीतसर पूर्ण झाले नाही. तथापि वाचनाची ओढ, शीघ्र काव्यरचनेची शक्ती आणि ओघवते वक्तृत्व यांमुळे तरुणपणीच टिळकांचा लौकिक झाला.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. विवाहाच्या वेळी तिचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. माहेरचे वातावरण अत्यंत सोवळेकर्मठ होते. या मुलीला टिळकांनी लिहायला-वाचायला शिकवले. पुढे याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' हे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. टिळकांच्या चरित्रातील अनेक गोष्टी आपल्याला आज ज्ञात आहेत त्या या ग्रंथामुळे.

टिळक एका जागी फार काळ स्थिरावत नसत. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, संपादक अशी अनेक कामे त्यांनी केली. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी या धनिक विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. याच काळात 'ऋषी' नावाच्या धर्मविषयक नियतकालिकाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

३. शोध आणि निर्णय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील विचारी तरुणांपुढे धर्म आणि देशोन्नती हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. टिळकांची देशभक्ती उत्कट होती. जातिभेदाने विभागलेला समाज राष्ट्र म्हणून उभा राहू शकणार नाही, याविषयी त्यांची खात्री झाली होती. ईश्वर हा सर्वांचा पिता आणि सर्व माणसे परस्परांची भावंडे, या तत्त्वावर आधारलेल्या एखाद्या नव्या धर्माची कल्पना ते मनाशी रचत होते. तथापि तत्त्व सापडले तरी ते जगण्याचे बळ कोठून आणावे, हा प्रश्न उरत होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे सुरू झाले आणि धर्मापर्यंत पोचले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचे वचन घेतले. वाचनास आरंभ करताना टिळकांच्या मनात भक्तीपेक्षा जिज्ञासा अधिक होती. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थबकले. शत्रूवर प्रीती, अंतःकरणाची शुद्धी, उद्याची चिंता न करणे, गुप्तपणे केलेले दान ही त्या प्रवचनातील शिकवण त्यांच्या मनातील अनेक प्रश्नांचे उत्तर ठरली. मुख्य म्हणजे, येथे शिकवण आणि शिकवणारा यांत त्यांना अंतर दिसले नाही. ते ज्याचा शोध घेत होते ते तत्त्व त्यांना एका व्यक्तीच्या रूपाने भेटले आणि अभ्यासाचे रूपांतर ओढीत झाले.

यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांचा अंतर्गत झगडा चालला. त्यांनी मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला, शंका मांडल्या, उत्तरे तपासली. या मंडळींत अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट हे प्रमुख होते. पुढे मराठी संतांच्या चरित्रांचे व काव्याचे इंग्रजी भाषांतर करणारे अॅबट ते हेच. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

४. वियोगाची वर्षे

त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे याचा व्यवहारातील अर्थ काय होता, हे आजच्या विद्यार्थ्याने नीट समजून घेतले पाहिजे. धर्मांतराच्या क्षणी माणूस जातीच्या दृष्टीने मृत होत असे. नातलग त्याच्या पंक्तीला बसत नसत, त्याच्या हातचे पाणी पीत नसत आणि त्याच्यासह राहणारी पत्नीही बहिष्कृत ठरत असे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचे वारसाहक्क सुरक्षित झाले होते. पण तुटलेले घर जोडण्याचे सामर्थ्य कोणत्याही कायद्यात नव्हते.

टिळकांच्या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. हा निर्णय घेताना त्यांची संमती घेतली गेली नव्हती. नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा दत्तू, आणि भोवती सहानुभूती व दूषणे यांचा एकत्र वर्षाव, अशा स्थितीत त्यांनी काही वर्षे जलालपूर, नाशिक, पंढरपूर येथे नातलगांच्या आधाराने काढली. दुःखाच्या भरात त्या जिवावर उदार झाल्या होत्या. त्यांची पहिली कविताही याच वियोगातून निर्माण झाली, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इकडे टिळकांची अवस्थाही वेगळी नव्हती. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार धर्माच्या कारणावरून सहवास नाकारत असेल, तर न्यायालयामार्फत विवाह संपुष्टात आणण्याची सोय होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. पत्रे लिहावीत, भेटीची संधी शोधावी आणि वाट पाहावी, एवढेच त्यांनी केले. पत्नीने आपला धर्म सोडावा अशी अट त्यांनी घातली नाही.

सुमारे चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले, सोवळे सांभाळले. टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. बदल आला तो हळूहळू आणि आतून. राहुरी येथे राहत असताना जातिभेद हा देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा त्या स्वतःशी विचार करू लागल्या. तो मनुष्यनिर्मित आहे असे उत्तर मिळताच त्यांनी शिवाशिव सोडून दिली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्राच्या अभ्यासकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या अंतरीच्या हाकेला प्रतिसाद देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु त्या प्रतिसादाचे मोल, ज्यांनी ती हाक ऐकलेली नाही त्यांनीही का चुकवावे? शुभवर्तमानांत गुरूमागे निघालेले शिष्य जाळी टाकून जातात आणि कथा त्यांच्याबरोबर पुढे सरकते. घरी उरलेल्यांची बाजू आपल्याला क्वचितच ऐकू येते. 'स्मृतिचित्रे'मध्ये ती बाजू आपल्याला ऐकायला मिळते. लक्ष्मीबाई पतीवर प्रेम करतात, त्याचे थोरपण जाणतात आणि तरीही त्याच्या तापट, लहरी व अव्यवहारी स्वभावाचे चित्र विनोदाने व स्पष्टपणे रेखाटतात. टिळकांच्या त्यागाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. त्या त्यागाचा संपूर्ण हिशेब मात्र आपल्यासमोर येतो.

५. नवा धर्म, जुनी भाषा

धर्मांतरानंतर टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुजू झाले. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले हे पत्र मराठी ख्रिस्ती समाजाचे प्रमुख व्यासपीठ होते.

या समाजाच्या उपासनेची भाषा त्या वेळी एका विशिष्ट अडचणीत होती. तारण, बाप्तिस्मा, शुभवर्तमान, पवित्र आत्मा अशा शब्दांनी नव्या आशयासाठी परिभाषा सिद्ध केली होती. तथापि भजनासाठी पुष्कळदा इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायली जात. मराठी शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ आणि आघात त्या चालींत ओढूनताणून बसवावे लागत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी देशी पद्धतीच्या पद्यरचनेचा व ख्रिस्ती कीर्तनाचा मार्ग आधीच दाखवला होता. टिळकांनी तो राजमार्ग केला. त्यांनी अभंग, ओवी, पदे, आरती या संतपरंपरेच्या रचनाप्रकारांतून ख्रिस्तभक्ती गायली. ख्रिस्ती मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. 'अभंगांजली' हा त्यांच्या भक्तिकाव्याचा महत्त्वाचा संग्रह होय.

भाषावैज्ञानिक दृष्टीने पाहता येथे घडलेली गोष्ट केवळ छंदाच्या निवडीपुरती नाही. गुरू, माउली, चरण, नाम, दास, अनुताप हे शब्द वारकरी संप्रदायाच्या वापराने शतकानुशतके भारलेले आहेत. टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात आणि माउलीही म्हणतात. त्या संबोधनाबरोबर ज्ञानदेव-तुकारामांच्या काव्यातील आर्तता नव्या आराध्याकडे वळते. उलटपक्षी, क्रूसावरील दुःखाचा अनुभव या शब्दांत शिरला की माउली या शब्दाला वात्सल्याबरोबर आत्मबलिदानाचीही छटा प्राप्त होते. शब्द तेच राहतात, पण त्यांचे अर्थक्षेत्र विस्तारते. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल ठरला, अशा आशयाचे टिळकांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. धर्म बदलताना त्यांनी आपल्या भाषेचा वारसा मागे टाकला नाही. ख्रिस्ती होण्यासाठी परदेशी होणे आवश्यक नाही, हे त्यांनी भाषेच्या साहाय्याने सिद्ध केले.

या भूमिकेचेही मोल होते. जुन्या समाजाच्या लेखी ते धर्मभ्रष्ट होते, तर नव्या समाजातील काहींना त्यांची अभंग-कीर्तनाची आवड संशयास्पद वाटत असे. दोन्हीकडचे असूनही दोन्हीकडे काहीसे परके, अशा जागी त्यांना दीर्घकाळ उभे राहावे लागले.

६. घर आणि व्यवहार

टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजूला हातात असेल ते देऊन टाकावे, उद्याची फिकीर करू नये, हा डोंगरावरील प्रवचनाचा उपदेश ते अक्षरशः आचरीत. त्यामुळे येणारी ओढाताण लक्ष्मीबाईंना निस्तरावी लागे. निराधार मुले, पाहुणे, साहित्यिक यांची घरात सतत वर्दळ असे.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी वाढला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या मुलाला बालकवी ही उपाधी मिळाली आणि टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी आणले. टिळक-दांपत्याने त्याच्यावर पुत्रवत प्रेम केले. ठोंबरे हिंदूच राहिले. त्यांनी ख्रिस्ती व्हावे अशी अपेक्षा त्या प्रेमामागे नव्हती. टिळकांच्या शिष्यत्वाची कसोटी प्रवचनपीठाइतकीच या घरातही पाहता येते.

७. दुसरा त्याग

बाप्तिस्म्याला वीस वर्षे होऊन गेली तेव्हा टिळकांना मान होता, नियमित वेतन होते आणि संपादकपद होते. सामान्यतः या वयात माणूस स्थैर्याचा विचार करतो. टिळकांच्या मनात मात्र अस्वस्थता वाढत होती. परदेशी मिशनच्या वेतनावर राहून केलेली सेवा देशबांधवांना नोकरीसारखी दिसते आणि तिच्यातील निःस्वार्थ प्रेम त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले होते. गुरूने जे दिले ते मोबदल्याविना दिले. शिष्याने वेगळे का वागावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनी सेवेचा त्याग केला आणि ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करून सातारा येथे वास्तव्य केले. तेथे त्यांनी देवाचा दरबार नावाचा भ्रातृसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात समान मानले जावेत, अशी त्यांची कल्पना होती. दरबार या शब्दाची निवडही लक्षणीय आहे. मंडळी या रूढ पारिभाषिक शब्दाऐवजी त्यांनी सामान्य मराठी माणसाच्या परिचयाचा शब्द घेतला. ज्या दरबारात राजा देव आहे तेथे जात, पंथ, देशी-विदेशी हे भेद आपोआप गळून पडावेत, हा त्यामागील भाव होता.

ही कल्पना अनेक ख्रिस्ती नेत्यांना धाडसी वाटली. बाप्तिस्म्याची सीमारेषा पुसट केली तर मंडळीचे स्वरूप काय राहील, ही त्यांची शंका निराधार नव्हती. १८९५ मध्ये ज्या संस्काराकरिता टिळकांनी जात, घर आणि प्रतिष्ठा गमावली, त्याच संस्काराविना शिष्यत्व शक्य आहे असे ते १९१७ मध्ये मानू लागले होते. यात विसंगती पाहणारे पाहू शकतात. परंतु आपण जे मोल दिले तेच इतरांकडून वसूल व्हावे, असा आग्रह न धरणे यात मनाचे मोठेपणही आहे.

८. अखेर

देवाच्या दरबाराला रुजण्याइतका अवधी मिळाला नाही. टिळकांची प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले. जीवनभर जपलेली देशी ख्रिस्ती ही भूमिका त्यांनी अशा रीतीने अखेरपर्यंत सोडली नाही.

ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यातील बहुसंख्य अध्याय रचले. ज्या निर्णयाने एके काळी त्यांचा संसार उद्ध्वस्त केला, त्याच निर्णयाच्या केंद्रस्थानी असलेल्या गुरूचे चरित्र त्यांनी ओवीबद्ध केले. एव्हाना हे शिष्यत्व केवळ पतीचे राहिले नव्हते. ते त्यांनी आपल्या वाटेने, आपल्या प्रश्नांची उत्तरे मिळवत स्वीकारले होते.

९. समारोप

टिळकांच्या आयुष्यात त्यागाचे दोन ठळक टप्पे दिसतात. पहिल्यात त्यांनी जात आणि स्वकीय गमावले, दुसऱ्यात वेतन आणि सुरक्षितता सोडली. या दोहोंमधील काळ दैनंदिन त्यागाचा होता आणि त्यातील पुष्कळसा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. अंतरीची ज्योत माणसाला प्रकाश देते, तशीच ती जवळच्यांना पोळतेही. टिळकांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टींची नोंद घ्यावी लागते. त्यांच्या अभंगांतील दास, चरण, समर्पण हे शब्द वाचताना, ते परंपरेने हाती आलेले अलंकार नसून प्रत्यक्ष जगण्यातून मोल देऊन घेतलेले शब्द आहेत, याचे भान विद्यार्थ्यांनी ठेवावे. मराठी भक्तिकाव्याच्या प्रवाहात टिळकांचे स्थान ठरवताना हे भान मार्गदर्शक ठरेल.

स्वाध्याय

१. टिळकांच्या धर्मांतरामागील वैचारिक व भावनिक कारणे स्पष्ट करा.

२. संतपरंपरेतील शब्दसंपत्ती ख्रिस्तभक्तीच्या संदर्भात वापरल्याने अर्थविस्तार कसा घडतो, ते सोदाहरण लिहा.

३. देवाचा दरबार या कल्पनेतून टिळकांच्या शिष्यत्वविषयक भूमिकेत झालेला बदल विशद करा.

४. एका व्यक्तीच्या निष्ठेचे मोल तिच्या कुटुंबीयांनाही चुकवावे लागते, या विधानाची टिळक-दांपत्याच्या चरित्राच्या आधारे चर्चा करा.